बांधकामातला कार्बन कमी करायचा, तर सुरुवात सिमेंटच्या गोणीपासून

इमारत बांधताना होणारे कार्बन उत्सर्जन कसे कमी करावे, याविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि स्थापत्य व साहित्य-चाचणी क्षेत्रातील जाणकारांनी दिलेली उत्तरे.

प्रश्न (नाशिक) : आम्ही १८०० चौरस फुटांचा दुमजली बंगला बांधत आहोत. जनरेटर आणि जेसीबी कमी चालवले की बराच फरक पडेल, असे वाटत होते. सिमेंटबद्दल ठेकेदार म्हणतात, ‘५३ ग्रेडच (राख न मिसळलेले साधे सिमेंट, म्हणजे ओपीसी) घ्या, पीपीसी (राख मिसळलेले सिमेंट) कच्चे असते.’ नेमके लक्ष कशावर ठेवावे?

उत्तर : आधी ढोबळ हिशेब मांडू. घरगुती आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलोच्या आसपास सळई लागते. म्हणजे तुमच्या घराला सुमारे ७२० गोण्या, अर्थात ३६ टन सिमेंट आणि ७ टन लोखंड. एक किलो ओपीसी तयार होताना साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नुसत्या सिमेंटचेच झाले ३२ टन. भारतात टनभर पोलादामागे सरासरी अडीच टन धरतात, ते झाले १७-१८ टन. आता डिझेल पाहा. एक लिटर जाळले की २.७ किलो. सगळ्या कामात ३०० लिटर डिझेल लागले तरी एक टनही भरत नाही. डिझेल वाचवाच, पण तिथे थांबलात तर मुख्य गोष्ट हातून निसटेल.

सिमेंटचा आकडा एवढा मोठा का, हे समजून घेण्यासारखे आहे. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर (दळून सिमेंट करायचे खडे) करतात. चुनखडी फुटताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो चुना उरतो. एकूण उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग असा थेट दगडातून येतो. भट्टीचे इंधन बदलले तरी हा भाग तसाच राहतो. त्यामुळे मार्ग दोनच : गोणीत क्लिंकर कमी असावे किंवा गोण्या कमी लागाव्यात.

पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) असते, म्हणून किलोमागे उत्सर्जन ०.६५च्या आसपास येते. तुमच्या घरात हा फरक आठ-नऊ टनांचा आहे आणि त्यासाठी एक रुपयाही जादा मोजावा लागत नाही.

‘कच्चे’ हा शब्द कुठून आला, तेही पाहू. मानकानुसार ५३ ग्रेड सिमेंटने सातव्या दिवशी किमान ३७ मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचे एकक) ताकद दाखवावी लागते, पीपीसीने २२. गवंड्याला पहिल्या आठवड्यात जे दिसते, ते हेच. फ्लाय ॲश स्वतः लगेच घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून जो मोकळा चुना तयार होतो, त्याच्याशी ती सावकाश बांधली जाते आणि ही क्रिया २८ दिवसांनंतरही चालू राहते. शेवटी मिळणारे काँक्रीट अधिक घट्ट असते, त्यात पाणी कमी मुरते. पण त्यासाठी ओलावा टिकला पाहिजे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस आणि पीपीसीला १० दिवस पाणी मारायचे. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत १४ दिवस धरा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून तो सतत ओला ठेवा. पाचव्या दिवशी पाणी बंद केले तर पीपीसीचा पृष्ठभाग खरोखर भुसभुशीत राहतो, आणि दोष सिमेंटवर ढकलला जातो.

दुसरी गोष्ट, जागेवर मिक्सरने माल करणार असाल तर फावड्याने किंवा घमेल्याने अंदाज घेऊ नका. ३५ लिटरचा फरमा (आतून ३० × ३० × ३९ सेंमी) बनवून घ्या; तो एका गोणीच्या आकारमानाएवढा असतो. १:१.५:३ (सिमेंट : वाळू : खडी) या प्रमाणाला गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्यातच काही पाणी आलेले असते, तेवढे वजा करा. मालात पाणी जास्त झाले की मिस्त्री वरून अर्धी गोणी टाकायला सांगतो. ही जादा गोणी कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड) : सात मजली इमारतीला आरएमसी (प्लँटमधून तयार येणारे काँक्रीट) घेतो. प्लँटकडे ‘कमी कार्बनचे काँक्रीट’ मागायचे म्हणजे नक्की काय मागायचे? आणि त्याने सेंट्रिंग उशिरा सुटून काम लांबणार नाही ना?

उत्तर : नुसते ‘एम २५ पाठवा’ (२८ दिवसांनी २५ मेगापास्कल ताकद देणारे काँक्रीट) असे सांगू नका, मिक्स डिझाइनचा कागद मागा. त्यात घनमीटरमागे ओपीसी किती, फ्लाय ॲश किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) किती, पाणी किती आणि ॲडमिक्श्चर (माल प्रवाही ठेवणारे रसायन) किती, हे स्वतंत्र लिहिलेले असते. जागेवर १:१.५:३ ने केलेल्या मालात घनमीटरला जवळजवळ ४०० किलो सिमेंट जाते. चांगल्या डिझाइन मिक्समध्ये एम २५ साठी एकूण बाइंडर (सिमेंट अधिक राख किंवा स्लॅग) ३२० ते ३४० किलोत भागतो आणि त्यातले ८०-१०० किलो फ्लाय ॲश असू शकते. मध्यम एक्सपोजरसाठी (हवा-पाण्याचा मारा मध्यम असेल तिथे) आयएस ४५६ मध्ये किमान ३०० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.५० दिले आहे. या ३०० किलोंत फ्लाय ॲश आणि स्लॅग मर्यादेत धरता येतात. तेव्हा ‘नियमामुळे सिमेंट कमी करता येत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

एक चूक मात्र टाळा. प्लँटमध्ये ओपीसीबरोबर फ्लाय ॲश मिसळणे योग्य आहे. पीपीसीच्या गोणीत ती आधीच आहे. त्यावर जागेवर पुन्हा ३० टक्के टाकली तर एकूण प्रमाण निम्म्यावर जाते. मग ताकद येत नाही आणि गंजरोधक क्षमताही घटते.

प्लँट जादा सिमेंट घालतो, त्याचे कारण बहुधा अनिश्चितता असते. एम २५ साठी लक्ष्य ताकद २५ अधिक १.६५ गुणिले प्रमाण विचलन (निकालांतील चढउताराचे माप) अशी काढतात. विचलन ४ धरले की लक्ष्य ३१.६ येते. देखरेख सैल असेल तर ते आणखी वाढवावे लागते. तुमच्या जागेवर माल नीट तपासला जातो, क्यूब (चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) वेळेवर भरले जातात आणि निकालांत चढउतार कमी आहेत, हे तीन-चार महिन्यांच्या नोंदींतून दाखवले तर प्लँटचा अभियंता सिमेंट कमी करायला तयार होतो. नोंदी नसतील तर तो तयार होणार नाही आणि त्याचे बरोबरच असेल.

आता वेळेचे. सगळ्या भागांना एकच मिक्स वापरू नका. राफ्ट, पाइल कॅप (हे पायाचे भाग), रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) यांच्यावर पूर्ण भार यायला महिने लागतात. तिथे ४०-५० टक्के स्लॅग असलेले मिक्स घ्या आणि ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी मोजायची, अशी स्ट्रक्चरल कन्सल्टंटची लेखी मान्यता काम सुरू होण्यापूर्वी घ्या. स्लॅग उष्णताही कमी सोडते, त्यामुळे जाड राफ्टमध्ये भेगांचा धोका घटतो. वरच्या मजल्यांचे स्लॅब सात-दहा दिवसांच्या चक्रात ओतायचे असतात, तिथे फ्लाय ॲश २०-२५ टक्क्यांवर ठेवा. आयएस ४५६ मधले प्रॉप (सेंट्रिंगचे टेकू) काढण्याचे दिवस, म्हणजे ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७, त्यापुढे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, हे ओपीसीसाठी आहेत. मिश्र सिमेंट असेल तर तारखेवर विसंबू नका. प्रत्येक ओतकामाचे तीन क्यूब जास्त भरा आणि टाकीत न ठेवता स्लॅबवरच, त्याच उन्हात आणि त्याच पाण्यात ठेवा. ते फोडून ताकद दिसली की प्रॉप काढा. थंडीत हा नियम विशेष पाळा.

ट्रान्झिट मिक्सरबाबत (काँक्रीट आणणाऱ्या गाडीबाबत) दोनच गोष्टी. शेवटची गाडी मागवण्यापूर्वी उरलेला भाग प्रत्यक्ष टेपने मोजा. अंदाजाने मागवलेला अर्धा घनमीटर परत गेला की दीडशे किलोंवर बाइंडर वाया जातो. तरीही उरलाच तर लिंटेल, चेंबरची झाकणे, कव्हर ब्लॉक यांचे साचे तेल लावून तयार ठेवा. आणि माल भरल्यापासून दोन तासांच्या आत खाली झाला पाहिजे. उशिरा आलेल्या गाडीत पाणी ओतायला कोणालाही परवानगी देऊ नका. स्लम्प (मालाचा प्रवाहीपणा) घसरला असेल तर प्लँटच्या माणसाने ठरलेल्या मात्रेत ॲडमिक्श्चर घालावे.

प्रश्न (सोलापूर) : ड्रॉइंगवरून काढलेल्या सिमेंटपेक्षा प्रत्यक्षात दरवेळी दहा-पंधरा टक्के जास्त लागते. चोरी नाही, हे नक्की. मग जाते कुठे?

उत्तर : स्लॅबच्या जाडीत आणि प्लास्टरमध्ये.

१०० चौरस मीटरचा स्लॅब घ्या. ड्रॉइंगमध्ये जाडी १२५ मिमी आहे. प्रॉप भुसभुशीत मुरमावर उभे केले आहेत, खाली फळी नाही. माल पडला की मधले प्रॉप थोडे खचतात, सेंट्रिंगची प्लेट वाकते. वरून मात्र मिस्त्री दोरी लावून सपाट करतो. सरासरी जाडी १४० मिमी होते. वाढलेले १५ मिमी म्हणजे दीड घनमीटर काँक्रीट, म्हणजे सुमारे ५०० किलो, दहा गोण्या सिमेंट. शिवाय पावणेचार टनांचे वजन आधार देणाऱ्या बीमवर कायमचे चढले, ते वेगळेच.

उपाय साधे आहेत. मुरूम धुमसून घ्या, प्रत्येक प्रॉपखाली किमान दीड इंची फळी द्या, प्रॉपमधले अंतर साधारण एक मीटर ठेवा. ओतण्याआधी प्लेटची पातळी खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी, अशी पाच ठिकाणी लेव्हलने तपासा. ओतताना १२५ मिमीवर खूण केलेली सळई दर दोन-तीन मीटरवर मालात खुपसून जाडी पाहा. ही तपासणी एका माणसाकडे सोपवा, नाहीतर ती कोणीच करत नाही.

प्लास्टरचे गणितही असेच. १०० चौरस मीटर भिंतीला १२ मिमी जाडीचे १:४ (सिमेंट : वाळू) प्लास्टर केले तर साधारण ९ गोण्या लागतात. भिंत ओळंब्यात नसेल आणि जाडी २० मिमीवर गेली की १५. वीटकामाच्या वेळी दर चार-पाच थरांनी ओळंबा आणि दोरी तपासली तर हा फरक वाचतो. आतल्या भिंतींना १:४ ची गरजही नसते, १:६ पुरते. कडक प्लास्टर आक्रसते आणि त्यावर जाळीसारख्या भेगा दिसू लागतात. सिमेंट जास्त म्हणजे काम पक्के, हा समज प्लास्टरमध्ये तरी सोडायलाच हवा.

प्रश्न (अमरावती) : लाल वीट, फ्लाय ॲश वीट की एएसी ब्लॉक (हवेची छिद्रे असलेला हलका काँक्रीट ठोकळा)?

उत्तर : विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रे आहेत, राख जवळ मिळते. त्यामुळे तुमच्याकडे फ्लाय ॲश वीट हाच पहिला पर्याय. तीन किलोची लाल वीट भाजताना अर्धा किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड जातो आणि शेतातली वरची माती जाते ती निराळी. फ्लाय ॲश विटेला भट्टी नाही. तिच्यात ८-१० टक्के सिमेंट असते, म्हणून उत्सर्जन सुमारे निम्मे.

तक्रारी येतात त्या कच्च्या राहिलेल्या विटांमुळे. ऑर्डर साचली की काही कारखानदार चार-पाच दिवसांच्या विटा गाडीत भरतात. त्या भिंतीत गेल्यावर आक्रसतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. किमान १४, शक्यतो २१ दिवस पाणी मारलेला लॉट मागा आणि ढिगावर तारीख लिहिलेली पाहा. पाच विटा वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढले तर लॉट परत पाठवा.

एएसी ब्लॉक हलका असतो, घनमीटरला ५५०-६५० किलो. वीटकाम १९०० च्या आसपास. हा हलकेपणा कामाला येतो तो फाउंडेशन, कॉलम आणि बीममध्ये. पण स्ट्रक्चरल डिझाइन विटेच्या वजनावर झाले असेल आणि नंतर ब्लॉक वापरायचे ठरवले, तर लोखंड-काँक्रीट काहीच वाचत नाही. निर्णय डिझाइनआधी घ्या. बांधताना ब्लॉक भिजवत ठेवू नका, फक्त पृष्ठभाग ओला करा. सांधा ३ मिमीचा, ॲडहेसिव्हचा. कॉलम आणि भिंत जिथे भिडते, तिथे प्लास्टरआधी जाळी ठोका. एएसीच्या भिंतीवरच्या बहुतेक भेगा या एका सांध्यावर येतात.

प्रश्न (जालना) : आमच्याकडे सळईचे कारखाने गावातच आहेत. भंगारापासून केलेली सळई कार्बनच्या दृष्टीने चांगली, पण मजबुतीचे काय?

उत्तर : भंगार वितळवून केलेल्या पोलादाचे उत्सर्जन खनिजापासून केलेल्या पोलादाच्या मानाने बरेच कमी असते, हे खरे. पण इंडक्शन भट्टीत (विजेवर चालणाऱ्या भट्टीत) भंगाराबरोबर स्पंज आयर्न (खनिजापासून केलेले सच्छिद्र लोखंड) घालतात. ते कोळशावर तयार झालेले असेल तर फायदा घटतो. तेव्हा कारखान्याला भंगाराचे प्रमाण आणि विजेचा स्रोत विचारा. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली आहे. टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तर ते हरित, १.६ हून कमी असेल तर पाच तारे. तसे प्रमाणपत्र असलेला माल मिळाला तर उत्तम.

मजबुतीसाठी चाचणी अहवाल पाहा. इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढून टाकणे अवघड असते आणि तो वाढला की सळई वाकवताना तडकते. फे ५००डी या दर्जाची सळई घ्या. त्यात गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांहून जास्त, दोन्ही मिळून ०.०७५ हून जास्त नको. लांबवाढ (तुटण्याआधी सळई किती ताणली जाते ते) किमान १६ टक्के हवी.

याहून मोठी बचत कापणीत आहे. गज १२ मीटरचा येतो. ३.९ मीटरचे तुकडे हवे असतील तर एका गजातून तीन निघतात आणि ३० सेंमी उरते. ४.१ मीटरचे हवे असतील तर दोनच निघतात, ३.८ मीटर बाजूला पडते. आधी संपूर्ण मजल्याचा बीबीएस (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) काढून ३.८ मीटरचा तुकडा कुठल्या एक्स्ट्रा बारमध्ये बसतो, हे ठरवले तर तो भंगारात जात नाही. पहिल्या प्रश्नातल्या घराच्या सात टनांवर पाच टक्के वाया म्हणजे ३५० किलो सळई. लॅपची (दोन सळया जिथे एकमेकींवर येतात त्या भागाची) लांबी कमी करून मात्र बचत करू नका. आणि सुपरवायझरने ‘सेफ्टीसाठी’ वाढवलेले गजही काढून टाका. बीममध्ये खाली गरजेपेक्षा जास्त लोखंड भरले तर सळई ताणण्याआधी काँक्रीट चिरडते, तेही कोणतीही सूचना न देता.

प्रश्न (पनवेल) : साइटवर ६२.५ केव्हीएचा जनरेटर दिवसभर चालतो. सोलर लावावा का?

उत्तर : आधी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. इतका मोठा जनरेटर व्हायब्रेटर, कटिंग मशीन आणि चार दिव्यांसाठी चालला की तो पाव क्षमतेवर राहतो. तेव्हा लिटरमागे अडीच युनिटांच्या आसपासच वीज मिळते, म्हणजे युनिटला एक किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. ग्रिडच्या विजेचा आकडा ०.७ च्या आसपास आहे. शिवाय ३० टक्क्यांहून कमी भारावर सतत चालवले की न जळलेले तेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते आणि इंजिन लवकर दुरुस्तीला येते. जनरेटर ठेवायचाच असेल तर लहान घ्या, ओतकामाच्या दिवसापुरता मोठा भाड्याने आणा. सोलर पॅनेल साइट ऑफिस आणि कामगारांच्या खोल्यांसाठी ठीक आहेत.

प्रश्न (कुडाळ) : आमच्याकडे जांभा चिरा मिळतो. तो वापरावा का?

उत्तर : जरूर. त्याला भट्टी नाही, खाण जवळ आहे. यंत्रावर कापलेला, कडा सरळ असलेला चिरा निवडा, म्हणजे सांधा जाड होत नाही. हाताने तासलेल्या ओबडधोबड चिऱ्यात सिमेंट मसाला इतका जातो की फायद्याचा मोठा भाग तिथेच संपतो. आरसीसीसाठी किनारपट्टीवर एम ३०, ०.४५ पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) लागते. तिथे स्लॅग सिमेंट घ्या. खारी हवा सळईपर्यंत पोहोचू न देण्यात ते ओपीसीपेक्षा सरस आहे आणि कार्बनही निम्म्याच्या आसपास.

प्रश्न (ठाणे) : आमच्या चार मजली सोसायटीचा पुनर्विकास होणार आहे. राडारोड्याचे काय करावे?

उत्तर : आधी स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘दुरुस्ती शक्य आहे का’ हा प्रश्न लेखी विचारा. गंज वरवरचा असेल, काँक्रीटची ताकद टिकून असेल, तर जॅकेटिंग करून (जुन्या कॉलम-बीमभोवती नवे आवरण देऊन) इमारत अजून काही दशके वापरता येते आणि नव्या बांधकामाचा सगळा कार्बन टळतो. एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधता येते त्या प्रमाणाच्या) गणितामुळे बहुतेक सोसायट्या हा पर्याय पाहतच नाहीत; निदान आकडे समोर ठेवून ठरवावे.

पाडायचेच असेल तर करारात क्रम लिहून घ्या. आधी दारे, खिडक्या, ग्रिल, वायर, पाइप, फरशा उतरवा. मग पीओपी आणि जिप्समचे सीलिंग वेगळे करा, कारण ते काँक्रीटच्या चुऱ्यात मिसळले की त्यातल्या सल्फेटमुळे नवे काँक्रीट फुगून तडकते. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर न फोडता, ओले करून, वेगळे पाठवा. यानंतर यंत्र लावा. काँक्रीट आणि विटांचे ढीग शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकाप्रमाणे जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आरसीसीत एम २५ पर्यंत २० टक्के आणि एम १५ हून कमी लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. म्हणजे नव्या इमारतीचे पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट), आवारातले रस्ते, कंपाउंड भिंतीचा पाया यांत ती सहज खपते. या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी जास्त शोषते. आदल्या रात्री पाणी मारून ठेवा आणि वापरताना वरचे पाणी निथळू द्या, नाहीतर मिक्सरमध्ये माल कोरडा पडतो आणि गवंडी पाण्याचा पाइप उघडतो. विटांचे तुकडे गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्याला राखून ठेवा. त्यासाठी नव्या विटा फोडणे थांबले पाहिजे.